एका पंक्तीतली पारख



मागील दोन अंकांत आयदक्की लक्कम्मांच्या वचनांचे निरूपण आले. ते वाचून एका सद्भक्ताने पत्र पाठविले आहे. पत्रलेखक एका विद्यापीठात अध्यापक आहेत. त्यांच्या घराण्याचा आमच्या मठाशी दोन पिढ्यांचा ऋणानुबंध आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न इतका खरा आहे, की चार ओळींच्या पोस्टकार्डावर त्याचे उत्तर देणे मला साधेना. म्हणून या महिन्याचे निरूपण पुढे ढकलून त्या पत्राकडेच वळतो. नाव-गाव अर्थातच देत नाही.

ते लिहितात, "महाराज, आमच्या विद्यापीठाने संशोधनासाठी स्वतःच्या निधीतून काही रक्कम बाजूला काढली आहे. अध्यापकांनी प्रस्ताव द्यायचे आणि अध्यापकांनीच ते तपासायचे. अकरा प्रस्ताव आले आहेत, पैसा चौघांपुरता आहे. छाननी समितीत मी आहे. त्यांतला एक प्रस्ताव माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याचा आहे. आम्ही एका डब्यातले जेवतो. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंक्तीत वाढले आहे. प्रस्ताव मात्र कच्चा आहे. कमी गुण द्यावेत तर घरोबा तुटतो, जास्त द्यावेत तर रात्री झोप लागत नाही. अनुभवमंटपात शरणांनी एकमेकांना प्रश्न विचारले हे आपण वारंवार सांगता. पण तिथे पैशाचा प्रश्न नव्हता. आम्ही काय करावे?"

पत्रातल्या एका वाक्याची दुरुस्ती प्रथम करतो. तिथे पैशाचा प्रश्न नव्हता, असे म्हणता येत नाही. बसवण्णा बिज्जळाचे भांडारी होते. राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या हाती होत्या. जंगमदासोहावर राजाचा पैसा उधळला जातो, अशी चहाडी दरबारातल्या लोकांनी केली आणि राजाने खजिन्याचा हिशेब तपासला, ही कथा परंपरेने जपली आहे. हिशेब चोख निघाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण बसवण्णांनी ती तपासणी अपमान मानली नाही, ही गोष्ट सांगायला विसरतो. आणि लक्कम्मांचे काय? मारय्या बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त आणले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि जास्तीचे परत टाकून येण्यास सांगितले. हा निर्णय कोणी दिला? घरातल्याच माणसाने, घरातल्याच माणसाबद्दल, एका चुलीवर शिजणाऱ्या अन्नाबद्दल. मूठभर तांदळाचाच प्रश्न होता, पण होता तो द्रव्याचाच. तेव्हा पत्रलेखकाने आपला प्रश्न शरणांच्या बाहेरचा समजू नये.

आता खेड्यातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. विद्यापीठातल्या अध्यापकाला एखाद्या विषयाचा शोध घ्यायचा असेल, तर प्रवास, यंत्रसामग्री, मदतनीस, पुस्तके यांना पैसा लागतो. तो मिळविण्यासाठी आधी प्रस्ताव लिहावा लागतो. काय शोधणार, कसे शोधणार, किती काळ लागणार, किती खर्च येणार, हे सर्व त्यात यावे लागते. दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु आणि बृहद् संशोधन प्रकल्प पुष्कळांना ठाऊक असतील. विज्ञानासाठी २००८ च्या कायद्याने एक मंडळ झाले, त्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात 'महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ' होते. पुणे विद्यापीठात त्या मंडळामार्फत महाविद्यालयीन अध्यापकांना छोटी अनुदाने मिळत. २०१६ च्या कायद्याने ती रचना बदलली. पीएच.डी.चा आराखडा महाराष्ट्रात 'संशोधन व मान्यता समिती'पुढे जातो, आमच्याकडे मध्य प्रदेशात मुले 'आर.डी.सी.' म्हणतात. नावे निरनिराळी, व्यवहार एकच. ज्याला त्या शास्त्रातले कळते, त्यानेच दुसऱ्याचे तपासायचे. इंग्रजीत याला 'पीअर रिव्ह्यू' म्हणतात. परीक्षक बाहेरचे असले तर एक गोष्ट. परंतु पुष्कळ ठिकाणी प्रस्ताव बाहेर पाठविण्यापूर्वी किंवा घरचा निधी वाटताना घरचीच माणसे तपासतात. पत्रलेखकाची अडचण इथे आहे.

'पीअर' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच विचार केला. समव्यवसायी, समकक्ष, तज्ज्ञ हे शब्द वापरतात. मला मात्र न्यायशास्त्रातला एक जुना शब्द आठवतो. पाठशाळेत न्यायसूत्रे शिकताना गुरुजींनी तो घोकून घेतला होता. 'सब्रह्मचारी'. एका गुरूपाशी, एका व्रतात राहून शिकणारा सहाध्यायी. गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. जल्पात जिंकायचे असते. वितंडेत स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे खोडायचे असते. वादात मात्र सत्य काय ते ठरवायचे असते, आणि हा वाद कोणाशी करावा याची यादी देताना सूत्रकार शिष्य, गुरू आणि सब्रह्मचारी यांची नावे घेतात. म्हणजे ज्याच्याबरोबर आपण एका पंक्तीत जेवलो, तोच वादाला योग्य. आज आपण उलटे समजतो. ज्याच्याशी घरोबा, त्याला प्रश्न विचारू नये. प्रश्न परक्याला विचारावेत. शास्त्रकारांना घरोबा हा अडसर वाटत नव्हता, अटच वाटत होती, कारण असूया नसेल तरच प्रश्न शुद्ध राहतो.

अर्थात त्या काळच्या सब्रह्मचाऱ्यांना एका अनुदानातून वाटा घ्यायचा नव्हता, हा आक्षेप मी ऐकून घेतो. त्याकडे पुन्हा येईन.

अनुभवमंटपाकडे जाऊ. शून्यसंपादनेत जे संवाद येतात, ते कल्याणात कोणी लेखणी घेऊन टिपलेले नव्हेत. पंधराव्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्यांनी शरणांची वचने ओवून ते रचले, आणि पुढे हलगेयार्य, गुम्मळापुरद सिद्धलिंग व गूळूर सिद्धवीरण्ण यांनी आपापल्या समजुतीने ते पुन्हा सिद्ध केले. सिद्धरामांच्या दीक्षेच्या प्रसंगाबाबत या संकलकांचे एकमत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण काही भाविकांना ते ऐकवत नाही. मला त्यात आनंद वाटतो. ज्या ग्रंथात परीक्षेचे प्रसंग आहेत, त्या ग्रंथाचीही घरच्याच माणसांनी तीन वेळा फेरतपासणी केली, आणि पहिल्या संकलकाचा मान त्यामुळे रेसभरही कमी झाला नाही.

त्यातला सोलापूरचा प्रसंग आपल्या मराठी वाचकांच्या जवळचा आहे. सिद्धराम सोन्नलिगेत तळे खोदवीत होते. शेकडो माणसे माती वाहत होती. लोकोपयोगी काम, तहानलेल्यांना पाणी, यात खोट काढण्यासारखे काय? अल्लमप्रभू तिथे गेले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख माती खणणारा असा केला. मजूर चिडले, दगड घेऊन धावले. स्वतः सिद्धरामही क्रुद्ध झाले, अशी कथा आहे. अल्लमांचा आक्षेप तळ्यावर नव्हता. ते तळे आजही सिद्धेश्वराच्या देवळाभोवती आहे आणि सोलापूरकर त्याच्या काठी बसतात. आक्षेप होता तो 'हे मी करतो' या भावावर. एखादा प्रस्ताव वाचताना मला हे फार उपयोगी पडते. काम चांगले असणे वेगळे आणि करणाऱ्याने आपल्या कामाचा विचार पुरता केलेला असणे वेगळे. 'विषय समाजोपयोगी आहे' एवढे लिहून पुष्कळ परीक्षक गुण देतात. अल्लमांनी दिले नसते.

अक्कमहादेवी कल्याणात आल्या तेव्हाचा प्रसंग याहून कठोर आहे. तुझा पती कोण, देहाचा मोह सुटला असेल तर केसांनी अंग का झाकतेस, असे प्रश्न भर सभेत विचारले गेले. आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि काही विदुषींनी या प्रश्नांवर घेतलेला आक्षेप मला अयोग्य वाटत नाही. परंतु त्या सभेची रीत पाहा. प्रश्न विचारणारा समोर होता. सर्वांनी प्रश्न ऐकला. जिला विचारला, तिला उत्तर देण्याची पूर्ण संधी होती. तिने दिलेले उत्तरही सर्वांनी ऐकले. उत्तर पटल्यावर प्रश्नकर्त्याने मोठ्या मनाने तिला मान दिला. आणि पुढे कोणी असे म्हटले नाही, की अल्लमांनी तिचे स्थान स्वतःच्या एखाद्या चेल्यासाठी राखून ठेवले होते. शून्यसिंहासनावर बसणाऱ्याला स्वतःसाठी काही मिळवायचे नव्हते. मुक्तायक्कांच्या बाबतीत तर तिने अल्लमांनाच उलट प्रश्न विचारले आहेत. परीक्षकाला प्रश्न विचारता येणे ही त्या मंटपाची रीत होती.

विद्यापीठातल्या किती समित्यांत हे घडते? पत्रलेखकाने कळविले आहे, की त्यांच्याकडे गुणपत्रक बंद पाकिटात जाते, 'शिफारस नाही' एवढाच शेरा अध्यापकाला कळतो, का ते कळत नाही. ही परीक्षा नव्हे. हा दरवाजा आपटणे झाले.

बंद पाकिटाचे समर्थन मला माहीत आहे. नाव उघड झाले तर कोणी खरे लिहिणार नाही. कनिष्ठाने ज्येष्ठाचा प्रस्ताव तपासायचा असेल, पुढच्या वर्षी त्याच ज्येष्ठाच्या हाती कनिष्ठाची पदोन्नती असेल, तर लेखणी थरथरते. यात तथ्य आहे. आपल्या परंपरेत याला जुळणारी एक गोष्ट आहे. वचनाच्या शेवटी अंकित येते. कूडलसंगमदेव, चन्नमल्लिकार्जुन, गुहेश्वर. ते लिहिणाऱ्याचे नाव नव्हे, त्याच्या दैवताचे नाव. काही वचनकारांचे व्यावहारिक नाव आज आपल्याला ठाऊकच नाही, अंकित तेवढे उरले आहे. म्हणजे व्यक्ती झाकली गेली. पण वचनाखाली काहीच नाही, असे झाले नाही. जे बोललो ते कोणाला साक्षी ठेवून बोललो, हे प्रत्येक वचनाखाली आहे. परीक्षकाचे नाव झाका, हरकत नाही. मात्र त्याने कारणे अशी लिहावीत, की उद्या नाव उघडे पडले तरी एकही अक्षर मागे घ्यावे लागू नये.

आता पत्रलेखकाने विचारलेला दुसरा प्रश्न. "मी त्या प्रस्तावाच्या वेळी खोलीबाहेर जाऊन बसलो तर माझे कर्तव्य संपते का?" पुष्कळ संस्थांचा तसा नियम असतो. नियम चांगला आहे, पण पुरेसा नाही, हे आता सिद्ध झाले आहे. स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी, क्रिस्टीन वेनेरोस आणि अग्नेस वोल्ड यांनी, तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुणपत्रक मागितले. परिषद देईना. त्या देशातला कागदपत्रे खुली ठेवण्याचा कायदा जुना आहे. त्या आधारे न्यायालयात जाऊन त्यांनी ते मिळविले आणि १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापला. स्त्रीला पुरुषाइतके गुण मिळवायचे, तर सुमारे अडीच पट काम दाखवावे लागत होते. हा भाग जगभर गाजला. दुसरा भाग मात्र तितका गाजला नाही, आणि तो आपल्या विषयाचा आहे. ज्या उमेदवाराचा समितीतल्या एखाद्या सदस्याशी संबंध होता, त्याला जास्त गुण मिळत होते. त्या सदस्याला आपल्या माणसाला गुण देण्यास मनाई असूनही मिळत होते. बाकीचे सदस्य देत होते. त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. खुर्ची रिकामी असली तरी खुर्चीवरच्या माणसाची मर्जी खोलीत राहते.

संस्कृत शिकलेल्यांना याचे आश्चर्य वाटू नये. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाबद्दल तंटा लागतो. शिष्येची परीक्षा घेऊन निर्णय करावा, असे ठरते. परीक्षक म्हणून परिव्राजिका पंडिता कौशिकीला नेमतात. संन्यासिनी, विदुषी, निःस्पृह. तिच्यावर पक्षपाताचा संशय कोण घेणार? आणि अखेरच्या अंकात उघड होते, की तीच कौशिकी मालविकेच्या भावाच्या अमात्याची बहीण. मालविका कोण आहे, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते. परीक्षाही मुळात राजाला मालविकेचे दर्शन घडावे म्हणून विदूषकाने जुळवून आणलेली. गणदासाच्या शिष्येचे नृत्य झाले, सर्वांनी वाहवा केली, तेवढ्यात मध्याह्नाची वर्दी आली आणि हरदत्ताची पाळी पुढे ढकलली गेली. ती पुढे कधीच आली नाही. आम्ही पाठशाळेत हा अंक शिकलो, विदूषकाच्या बोलण्यावर हसलो, पण हरदत्ताचे काय झाले असेल, असे आम्हा विद्यार्थ्यांपैकी एकानेही विचारले नाही.

मी हे का सांगतो, ते आता लिहितो. भगवे वस्त्र पाहून लोक निःपक्षपातीपणा गृहीत धरतात. तो अनुभव माझ्या पदरी आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका विद्यापीठाने आपल्याच अध्यापकांच्या छोट्या अनुदानांची छाननी ठेवली होती. विषय स्थानिक इतिहास आणि वारसा. घरच्या चौघांबरोबर बाहेरचा एक म्हणून मला बोलाविले. सात प्रस्ताव होते, तिघांना पैसे मिळणार होते. नावे झाकलेली होती. तिसरा प्रस्ताव उघडला आणि पहिल्या परिच्छेदातच मी ओळखले. तो मुलगा आमच्या मठात राहून शिकला होता. खानदेश आणि निमाडातल्या घराघरांत मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती शोधून त्यांची तुलना करायची, असा त्याचा विषय. त्यात एक वाक्य होते, जे मीच त्याला कधीतरी सांगितले होते. नाव झाकले, पण वाक्य झाकता येत नाही.

त्या क्षणी मी बोलायला हवे होते. "हा माझा विद्यार्थी आहे" एवढे चार शब्द. बोललो नाही. मनाला समजावले, की नियमाप्रमाणे मला नाव ठाऊक नाही, म्हणून संबंधही नाही. प्रस्तावात एक उघड उणीव होती. प्रती ज्यांच्या देवघरात आहेत, ते लोक त्या बाहेर देतील, छायाचित्र घेऊ देतील, हे त्याने गृहीत धरले होते. मला माहीत होते, की पुष्कळ घरांत पोथीला परक्याचा हात लागू देत नाहीत. मी ते लिहिले नाही. भरपूर गुण दिले.

त्याच ढिगात एक प्रस्ताव आमच्या बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याविषयी होता. १६१५ साली अब्दुल रहीम खानखानांच्या काळात सातपुड्याच्या उताराचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणले, आणि वर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या. कुंड्यांची संख्या शंभरावर जाते. त्या अध्यापकाला वर्षभर ठरावीक कुंड्यांतल्या पाण्याची पातळी मोजून तक्ता करायचा होता. पाण्याच्या शास्त्रातले मला काही कळत नाही. तसे सांगून मला तो कागद परत करता आला असता. ते न करता मी मधले गुण दिले. न कळणाऱ्या गोष्टीला मधले गुण देणे हा समित्यांतला सर्वांत सभ्य दिसणारा अन्याय आहे. तो प्रस्ताव चौथ्या क्रमांकावर राहिला. पैसे तिघांना होते.

२०२४ साली हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आला, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. मठातही आले. मला ते गोड लागले नाहीत. त्या एका वर्षाचा तक्ता आज तुलनेसाठी हाती असता.

आणि माझ्या विद्यार्थ्याचे काय झाले? अनुदान मिळाल्यावर तो नारळ आणि शाल घेऊन आला. मी त्याला काही सांगितले नाही. दीड वर्षाने पुन्हा आला तेव्हा वाळला होता. चौदा घरांतून त्याला परत पाठविले होते. पैशाचा हिशेब द्यायची वेळ आली होती आणि हाती तीन प्रती होत्या. तेव्हा मी सारे सांगितले. वाटले होते, तो उपकार मानील. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "महाराज, तुम्हाला ते दिसले होते, तर तुम्ही लिहायचे होते. मी आधी तुमचे पत्र घेऊन त्या घरी गेलो असतो. वर्षभर मी माझ्या नशिबाला दोष देत होतो."

त्याच्या वाक्यावर उत्तर नव्हते. आजही नाही. मी त्याच्यावर दया केली असे मला वाटत होते. वस्तुतः मी स्वतःवर दया केली होती. त्याचा चेहरा पडलेला मला पाहायचा नव्हता.

पत्रलेखकाच्या शेजाऱ्याच्या प्रस्तावाबाबत मला हेच वाटते. कच्चा प्रस्ताव मंजूर होणे म्हणजे त्या माणसाला दोन-तीन वर्षे कच्च्या रस्त्यावर ढकलणे. २०१० च्या आयोगाच्या नियमावलीपासून अध्यापकांच्या पदोन्नतीत प्रकल्पांनाही अंक मिळू लागले, आणि तेव्हापासून प्रश्न पडलेला नसतानाही प्रस्ताव लिहिण्याची चाल वाढली, असे अध्यापकच मला सांगतात. अशा वेळी शेजारी 'पास कर' म्हणतो, तेव्हा त्याला अंक हवे असतात. त्याची अडचण खोटी नाही. घर, कर्ज, पदोन्नती हे सारे खरे आहे. पण ज्याला अंक हवेत त्याला अंक देताना, ज्याला प्रश्न पडला आहे तो चौथ्या क्रमांकावर जातो. समितीत तो समोर नसतो, म्हणून त्याची दया येत नाही.

आता मघाचा आक्षेप. एका अनुदानात वाटेकरी असलेल्यांनी एकमेकांना तपासावेच का? घरच्या परीक्षेला बाहेरच्या परीक्षेची जोड हवी, हे मी मान्य करतो. जुन्नरजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. तिथे पैशाऐवजी दुर्बिणीचा वेळ वाटावा लागतो. वर्षातून दोनदा जगभरातून प्रस्ताव मागवितात आणि एक समिती तो वेळ वाटून देते. ज्या संस्थेची दुर्बीण, त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनाही प्रस्ताव लिहूनच वेळ मागावा लागतो. माझे घर म्हणून मी न विचारता आत जाईन, असे चालत नाही. ही रीत मला शरणांची वाटते.

मात्र बाहेरचा परीक्षक आणला, की सत्य हाती आले, असाही भ्रम नको. अमेरिकेत काही संशोधकांनी त्रेचाळीस परीक्षकांना तिथल्या आरोग्य संस्थेचे पंचवीस प्रस्ताव वाचायला दिले आणि २०१८ साली निष्कर्ष छापला. एकाच प्रस्तावाला दोघे वाचतात, तेव्हा त्यांचे मत जुळेलच असे नाही. जुळणे इतके कमी, की ते जवळजवळ योगायोगच. कातालिन कारिको या बाईंचे अनुदानाचे अर्ज वारंवार फेटाळले गेले, १९९५ साली त्यांच्या विद्यापीठाने त्यांना खालच्या जागेवर आणले, आणि २०२३ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांना नाकारणारे सगळे दुष्ट होते, असे मला वाटत नाही. त्यांना दिसले नाही, एवढेच.

म्हणून न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका प्रकारच्या अनुदानांसाठी किमान पात्रता पाहून पुढची निवड सरळ चिठ्ठ्या टाकून करायला सुरुवात केली. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निधीनेही २०२१ पासून, ज्या प्रस्तावांत डावे-उजवे करता येत नाही, तिथे चिठ्ठीची सोय केली. ऐकून हसू येते. पण २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात समसमान मते पडली, तेव्हा आपणही चिठ्ठीच काढली होती. मला ती पद्धत सर्वत्र नको आहे. तीमध्ये प्रश्न विचारणे राहून जाते, आणि सातव्या क्रमांकाच्या माणसाला काही शिकायला मिळत नाही. पण आपल्याला चौथा आणि पाचवा यांतला फरक खरोखर कळत नसेल, तर 'कळतो' असे खोटे गुण लिहिण्यापेक्षा चिठ्ठी अधिक प्रामाणिक. मी कुंडी भंडाऱ्याला मधले गुण दिले, त्यापेक्षा तर नक्कीच.

पत्रलेखकास उत्तर. समितीच्या बैठकीपूर्वी अध्यक्षांना लेखी कळवा, की हे माझे स्नेही आहेत. अध्यक्ष म्हणतील, ठीक आहे, बाहेर बसा. बाहेर बसा. पण बाहेर बसण्याआधी एक काम करा. त्या प्रस्तावातल्या उणिवा, जशा तुम्हाला दिसल्या तशा, कागदावर लिहून अध्यक्षांच्या परवानगीने शेजाऱ्याच्या हाती द्या. गुण देऊ नका. निर्णय इतरांना करू द्या. शेजारी रागावेल, एखादा महिना तुमचा डबा तुम्ही एकट्यानेच खाल. त्यांना सांगा, की तुमचा पुढचा प्रस्तावही मी त्यांच्याकडेच तपासायला देणार आहे, आणि खरोखरच द्या. परीक्षकाला प्रश्न विचारता आला पाहिजे, ही अट तुम्हालाही लागू आहे. ज्यातले तुम्हाला कळत नाही, त्यावर 'कळत नाही' असे लिहा. तुमच्या समितीने नाकारलेल्या प्रत्येकाला निदान दहा ओळींची कारणे द्यावीत, असा ठराव तुम्ही मांडा. पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडा.

तुमच्या पत्रात 'घरोबा तुटेल' असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. लक्कम्मांनी तांदूळ परत पाठविले तेव्हा त्या दिवशी त्यांच्या घरात दोघांत काय बोलणे झाले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मारय्या परत गेले आणि तांदूळ टाकून आले, एवढे मात्र सर्वांना ठाऊक आहे.

माझ्या विद्यार्थ्याने ते काम सोडले नाही. आता तो माझे पत्र घेऊन जातो, आणि नऊ प्रती त्याने पाहिल्या आहेत. पुढच्या टप्प्याचा आराखडा त्याने गेल्या पंधरवड्यात वाचायला पाठविला. समितीला नव्हे, मला. पान दोनवर मी तीन प्रश्न लिहिले आहेत आणि तिसरा त्याला आवडणार नाही.

सिद्धरामांच्या वचनांचे राहिलेले निरूपण पुढील अंकी.